व्याह्यांचा दावा

समन्स आलं तेव्हा गादीवाले कारखान्यात गाद्यांना काठ शिवून घेत होते. दावा लावणाऱ्याच्या जागी आपल्याच व्याह्यांचं नाव दिसलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. नाव तेच होतं. पुरवलेल्या फोमचे पैसे थकले आहेत, ते व्याजासकट मिळावेत, असं लेकीच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं.

"थोरल्याचे उद्योग असणार," बायको म्हणाली. व्याह्यांचा थोरला मुलगा हल्ली धंद्याचा हिशेब बघायचा. लेक दिली होती ती धाकट्याला.

"सही व्याह्यांचीच आहे," गादीवाले म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघं वकीलबाईंकडे गेले. बाईंनी सगळं वाचलं आणि चहाचा कप बाजूला सारला. "हा नेहमीसारखा दावा नाही. बिलं आहेत, माल मिळाल्याची तुमची सही आहे, म्हणून त्यांनी झटपट निकालाची वाट धरलीय. यात आधी बचाव करायची परवानगी मागावी लागते. तुमच्या म्हणण्यात दम वाटला तर कोर्ट परवानगी देतं. नाहीतर निकाल त्यांच्या बाजूने, विषय संपला."

"म्हणजे तोंड उघडायलासुद्धा अर्ज करायचा?"

"तसंच समजा. आणि दिवस फार नाहीत. माल खराब होता म्हणता, मग लेखी तक्रार कुठाय?"

तक्रार नव्हतीच. त्या फोमच्या गाद्या एका वसतिगृहाला दिल्या होत्या आणि तीन महिन्यांत त्यांना खड्डे पडले. खोळ उसवली की आत पिवळा भुगा. गादीवाल्यांनी सगळ्या गाद्या परत आणल्या आणि पदरमोड करून नव्या दिल्या. पण लेकीच्या सासऱ्याला 'तुमचा माल टाकाऊ निघाला' असं लिहायला त्यांचा हात धजावला नाही. एकदाच, व्याह्यांकडे जेवायला गेले असताना, त्यांनी चाचरत विषय काढला होता. व्याही म्हणाले होते, "त्या मालात गडबड झाली खरी. बिलाचं बघू हो, घरातलीच तर गोष्ट आहे." त्या शब्दावर गादीवाले निर्धास्त झाले.

"हे ते बोलले तेव्हा आणखी कोण होतं?" सगळं ऐकल्यावर वकीलबाईंनी विचारलं.

"लक्षात नाही."

खाली रस्त्यावर आल्यावर बायकोने त्यांना थांबवलं. "लक्षात कसं नाही? पोरगी समोर बसली होती की जेवायला."

"ती त्या घरात नांदतेय. आपण तिचं नाव कागदावर घालायचं आणि संध्याकाळी तिने त्याच टेबलाशी बसायचं?"

घरी जाईपर्यंत बायको त्यांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली.

अर्ज वेळेत गेला. वसतिगृहाने गाद्या परत केल्याच्या पावत्या जोडल्या, फोमचे तुकडे पिशवीत घेतले. सुनावणीच्या दिवशी व्याही मागच्या बाकावर थोरल्याशेजारी बसले होते. नजरानजर झाली तेव्हा सवयीने दोघांचीही मान लवली, आणि मग दोघांनाही ते अवघड वाटलं.

व्याह्यांचा वकील चांगलाच तयारीचा होता. "माल खराब असता तर एक ओळ तरी लिहिली असती," तो म्हणाला. "पैसे द्यायची वेळ आली म्हणून हे आता सुचलंय."

न्यायाधीशांनी गादीवाल्यांकडे पाहिलं. "का लिहिलं नाहीत?"

वकीलबाई उठू लागल्या, पण गादीवाले आधीच उभे होते. "साहेब, माझी मुलगी यांच्या घरी दिलीय. तक्रार लिहिली असती तर ती आधी तिच्या ताटात पडली असती."

"तोंडी बोललात म्हणता. कोणी ऐकलं होतं?"

गादीवाल्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. "ऐकलं होतं. पण ते माणूस मी इथे आणणार नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटले. समोरचा वकील हसला. मागच्या बाकावर व्याही जमिनीकडे बघत होते.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. बचावाला परवानगी मिळाली, पण पावत्यांवरून सगळा संशय फिटत नाही म्हणून दाव्याची निम्मी रक्कम आधी कोर्टात भरायची. भरली नाही तर परवानगी रद्द.

जिन्याजवळ व्याह्यांनी त्यांना गाठलं. थोरला खाली वकिलाबरोबर गेला होता.

"तिचं नाव घेतलं नाहीत तुम्ही," व्याही हळूच म्हणाले.

"तुम्हीही नाही घेतलंत."

व्याह्यांनी कठडा धरला. "बँक आमच्या उरावर बसलीय. थोरला म्हणतो, नातं बघत बसलो तर दुकानाला कुलूप लागेल. मला आता मागे फिरता येत नाही."

"मला तरी कुठे येतंय," गादीवाले म्हणाले आणि जिना उतरू लागले.

निम्मी रक्कम भरायला फोम कापायचं मोठं मशीन विकावं लागलं. ते टेंपोत चढवलं त्या दिवशी दुपारी लेक कारखान्यात आली. मशीनच्या जागी जमिनीवर तेलाचा चौकोनी डाग उरला होता. ती त्याच्याशेजारी उभी राहिली.

"आईने सांगितलं मला, कोर्टात काय बोललात ते. तिकडे मामंजी चार दिवस माझ्याशी धड बोलत नाहीत. नवरा म्हणतो, तू यात पडू नकोस. तुम्ही तर माझं नावसुद्धा घेतलं नाहीत."

"तुझ्यासाठीच ना, बाळा."

"सगळे माझ्यासाठीच करताय. बाबा, मशीन गेलं. ते ऐकलेलं माझ्या पोटात तसंच आहे. दोन्ही घरांत मला एकाने तरी विचारलं, तुला काय वाटतं म्हणून?"

पोरीला जपतोय, या एका समाधानावर गादीवाल्यांनी इतके दिवस काढले होते. आता तेही डळमळलं. ती साक्षीला उभी राहिली तर तिच्या संसाराचं काय होईल? नाही म्हणावं तर तिचं तोंड दाबणाऱ्यांत आपणही एक.

त्यांनी फोमच्या गठ्ठ्यावरची धूळ झटकून तिला बसायला जागा केली आणि स्वतः समोर स्टुलावर बसले.

"बरं. मी मध्ये बोलत नाही. तुला काय वाटतं?"

लेकीने पर्स मांडीवर घेतली. त्या जेवणाच्या दिवसापासून तिने सांगायला सुरुवात केली, आणि गादीवाले ऐकत राहिले.