तेल मुरलेलं दार

"विधवेचा हात देवाच्या दाराला कशाला?" अजितभावजी म्हणाले ते मारुतीच्या पायरीवर उभं राहून, गावासमोर, आणि हसत म्हणाले. "मंगल काम हाय. आमची वैनी गुणाची, पर तिचा निम्मा दिवस देवापुढं अन् निम्मा मौनात. दार कवा व्हायचं?"

लोक हसले. देवस्थानचे कुंडलिकआबा चारच दिवसांपूर्वी घरी येऊन देवळाच्या दाराला वार्निश मारायचं काम मला सांगून गेले होते. ते खाली बघत चपलेतला खडा काढत बसले. काम भावजींना गेलं.

अजितभावजी माझे धाकटे दीर. लासुर्ण्यात त्यांचं आणि माझ्या मालकांचं मिळून पॉलिशचं दुकान. तीन वर्षांपूर्वी मालक गेले. मी माहेरी, इथं कोऱ्हाळ्याला भावाकडे आले आणि गोठ्यामागच्या शेडमध्ये माझी मी कामं घेऊ लागले. पाण्याचं वार्निश मी बारामतीच्या एका रंगवाल्याकडून शिकले. त्याला थिनर लागत नाही, वास येत नाही. देवस्थानला तेच हवं होतं, कारण मागच्या खेपेला थिनरच्या वासानं गुरव भोवळ येऊन पडला होता. भावजींनी जन्मभर थिनरचंच काम केलेलं. पण "वार्निश ते वार्निश, त्यात काय," असं म्हणून त्यांनी हनुमान जयंतीचा वायदा करून टाकला.

त्या संध्याकाळी देवापुढे बसले, तर माळ पुढे सरकेना. मी देवाला एवढंच म्हटलं, की या दाराला हात माझाच लागला पाहिजे, आणि ज्या पायरीवरून हे बोलले त्याच पायरीवरून त्यांनी ते गिळलं पाहिजे. देवाकडे असलं काही मागू नये, हे मला कळतं. मागितलं.

माझे नेम साधे आहेत. सकाळी पूजा होईपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही. आणि कुणी कामातलं काही विचारलं तर विद्या अडवायची नाही, हा मालकांनी घालून दिलेला. सूड घ्यायला यातला एकही मोडावा लागत नाही, हे मला लवकरच समजलं. विचारेल तेवढंच सांगायचं.

भावजींचा पहिला फोन सकाळी आठला वाजला. मग नऊला, मग साडेनऊला. दहाला मी उचलला.

"अवो वैनी, किती फोन!"

"मौन होतं, भावजी."

"बरं, ऱ्हाऊं द्या. दाराला पयला हात मारला, तर लाकडाची सगळी लव हुबी राह्यली. हात फिरवला की दाढीचं खुंट लागत्यात."

"पाणी प्यायलं की लाकडाची लव उठते. आधी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून घासायचं असतं. आता वाळू द्या आणि हलक्या हातानं घासून काढा."

"मंजी काय अवघड न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला. दुकानात परत या, कशा आहात, काही नाही.

कशानं घासायचं ते त्यांनी विचारलं नाही. ते कशानं घासणार, हे मला ठाऊक होतं. दोन्ही भाऊ थिनरच्या कामाला स्टील वूल वापरायचे, भांड्याच्या तारेच्या घासणीसारखं, पण केसाइतकं बारीक. त्याचे कण लाकडाच्या रेषांत अडकतात आणि वरून पाण्याचं वार्निश पडलं की गंजतात. मी फोन ठेवून गाईला घास घातला.

तिसऱ्या दिवशी आवाज उतरलेला होता. "वैनी, ठिपकं उठल्यात. तांबडं, काळं. दाराला देवी आल्यावानी दिसतंय."

"स्टील वूल मारलं?"

"मग काय इटंनं घासू?"

"पाण्याच्या वार्निशात लोखंड चालत नाही, भावजी. एकेक ठिपका पॉलिश पेपरनं काढावा लागेल."

"आधी सांगायचं की!"

"विचारायचं की."

माझा आवाज कधी चढत नाही. लोकांना त्याचं फार कौतुक. भावजींना त्या दिवशी तो कसा लागला असेल, हे मी दिवसभर चघळत होते. एकादशी होती, दुसरं काही चघळायचं नव्हतंच.

पुढे बुडबुडे आले. डबा ताकासारखा घुसळला होता त्यांनी. "चपट्या काडीनं सावकाश ढवळा," मी सांगितलं. मग ब्रशचे पट्टे दिसू लागले. कडक उन्हात, भर दुपारी, वर पंखा लावून ते हात मारत होते. एक पट्टा ओढेपर्यंत शेजारचा वाळायचा. "पंखा बंद करा, सकाळच्या गारव्यात मारा, वार्निशात थोडं पाणी घाला." प्रत्येक उत्तर खरं होतं. एका उत्तरानं ते पुढच्या चुकीपर्यंत पोचत होते, आणि मी त्यांना हाताला धरून पोचवत होते.

शेवटची चूक त्यांना कुणीच सांगितली नसती. आमच्या मारुतीच्या गाभाऱ्यात बायका जात नाहीत. शनिवारी तेलाची वाटी दारातूनच गुरवाच्या हाती द्यायची, आणि बोटांना लागलेलं तेल माघारी फिरताना दाराच्या फळीला पुसायचं. लुगड्याला पुसलं तर डाग पडतो. पिढ्यान् पिढ्या हे चाललंय. बाप्ये आत जातात, त्यांना याचा पत्ता नाही. वरच्या काळपट थरावर इतके दिवस वार्निश कसंबसं धरलं होतं. भावजींनी ठिपके काढायला खोल घासलं, आणि आतलं तेल वर आलं.

अळूच्या पानावर पाणी पळावं तसं वार्निश पळू लागलं. हात मारला की गोल गोल खळगे पडायचे. भावजींनी चारदा मारलं, चारदा पळालं. गावात बोलणं सुरू झालं. आमच्या शेजारची तानूबाई दळण घेऊन येताना थांबली. "अगं स्वरूपा, मारुतीच झिडकारतोय त्याला. घेतच न्हाई त्याचा हात. विधवेला बोलला, आता भोग म्हनावं!"

तेलाचं मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. ते बोलणं वडगावपर्यंत गेलं, लासुर्ण्याला गेलं. एका घरानं भावजींना सांगितलेलं देव्हाऱ्याचं काम काढून घेतलं. मला हे सगळं प्रसादासारखं गोड लागत होतं.

शनिवारी तेल घेऊन गेले, तर दारापुढे गर्दी. जयंतीला बारा दिवस उरले होते. भावजी पायरीवर डोकं धरून बसलेले. कुंडलिकआबांनी मला हात केला.

"स्वरूपा, हिकडं ये. तू नेमधर्माची. तुझ्या तोंडातनं खोटं येत न्हाई, ह्ये गावाला ठावं हाय. तूच सांग, देव कोपलाय का ह्याच्यावर?"

भावजींनी मान वर केली. ते घाबरले होते. त्यांचं ते तोंड मला फार आवडलं.

एक 'हो' म्हटलं असतं, तर बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणी त्यांच्या हाती पाटसुद्धा दिला नसता. तो शब्द माझ्या जिभेवर आला. मी तो तिथंच धरून ठेवला. आबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "देव कोपला नाही. दारात तेल आहे."

"कसलं तेल?"

"आम्हा बायकांच्या हाताचं. दर शनिवारी इथं पुसतो. तेलावर पाणी ठरेल का?"

बाप्ये बायकांकडे बघू लागले, बायका पदराआड हसू लागल्या. मी दाराच्या फळीवर हात ठेवला.

"गेली तीन वर्षं मीही पुसते, आबा. विधवेच्या हाताचं तेल या दारात कधीचंच मुरलंय. मारुतीनं काही तक्रार केली नाही. तक्रार भावजींची होती."

"आन् तुमची बी, आबा!" तानूबाई मागून ओरडली. "तवा गप बसला व्हता!"

आबांनी टोपी काढून परत घातली. "मग आता काय करायचं, बाई?"

"पार कोऱ्या लाकडापर्यंत खरवडायचं. सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं. मग लाखेचा पातळ हात, म्हणजे राहिलंसाहिलं तेल वर येत नाही. वरून वार्निश. खरवडायचं भावजींनी. वार्निशचा हात माझा. आणि मी तो का लावायचा नाही, हे त्यांनी ज्या पायरीवरून सांगितलं, तिथूनच ते मागं घ्यायचं."

"घेतो की," भावजी पुटपुटले.

"आज नको. दार कोरं झाल्यावर, पुढच्या शनिवारी. तेव्हा सगळं गाव असतं."

दाराला नक्षी, त्यामुळे मशीन चालत नव्हतं. भावजी सहा दिवस हातानं खरवडत होते. मी रोज पूजा आटोपून जायचे आणि फळीवर पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला की तेल आहे.

"अजून आहे."

"वैनी, बोटांची सालं गेली."

"दिसतंय."

शुक्रवारी थेंब टाकला आणि तो पसरला, लाकडात शिरला. भावजी माझ्याकडे बघत होते. "झालं का?" मला त्यांना आणखी चार दिवस खरवडताना बघायचं होतं. पण त्यांनी विचारलं होतं. "झालं," मी म्हटलं.

शनिवारी ते पायरीवर उभे राहिले. "वैनीच्या हाताबद्दल बोललो, ते चुकलं."

"मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, भावजी."

ते पुन्हा बोलले, मोठ्यानं, मान खाली घालून. हसायला या वेळी बायका होत्या.

लाखेचा हात वाळल्यावर रविवारी सकाळी मी पहिला पट्टा ओढला. वार्निश सायीसारखं बसत गेलं. भावजी मागं डबा धरून उभे होते.

"वैनी, दुकानात माघारी या. पाटीवर तुमचं नाव टाकतो. मला ह्ये पाण्याचं काम शिकवा. मागचं इसरा. इसरलात ना?"

हात मध्ये थांबवला, तर वार्निशला सांध्याची रेघ पडते.

"काम शिकवीन," मी म्हटलं. "शेडवर या, दहानंतर. दुकानात येणार नाही. आणि विसरलेही नाही." आणि ब्रश उंबऱ्यापर्यंत खाली नेला.