उदबत्तीमागचा चेहरा

लुआबाई तिसऱ्या जिन्यावर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "अरे खिएम, घर बांधलंस की ताडाचं झाड?"

हनोईतलं हे तिच्या मुलाचं नवं घर होतं, आणि होतंही तसंच. रुंदी दोन खाटांची, उंची चार मजल्यांची. खाली टाइल्सचं दुकान, मध्ये संसार, सगळ्यात वर पितरांची खोली. काही वर्षांपूर्वी हाच खिएम सरकारी दुकानापुढे तांदळासाठी ताटकळत उभा असायचा. मग सरकारने धंद्याची कवाडं उघडली, लोकांना न्हाणीघरात फरशी बसवायची हौस जडली आणि याचं नशीब फळफळलं. आता मनगटावर सोनेरी घड्याळ, अंगात कोट, गळ्यात टाय. भर उन्हाळ्यात कोट घालून घाम गाळायला माणूस पैसेवालाच असावा लागतो.

"वाळलास रे," लुआबाई त्याच्या गालांकडे बघत म्हणाली.

"कसला वाळतोय! चांगलं खातोय-पितोय."

"तेच तर!" सून नोआन मागून बोलली. "रोज गिऱ्हाइकांबरोबर बाहेर जेवणावळी. नव्या वर्षापासून पोट धरून बसतायत, पण डॉक्टरकडे जातील तर शपथ."

"तू गप गं," खिएम म्हणाला. "आज बाबांचं श्राद्ध आहे. आई, वर चल, तुला एक गंमत दाखवायचीय."

पण वर जाण्याआधी नोआनने सासूला मखमली झगा घातला, गळ्यात मोत्यांची माळ घातली आणि जरा चाचरत म्हणाली, "आई, फोटो काढताना तोंड मिटून हसा हं. बाजारातले बडे लोक आलेत. काळे दात म्हणजे... आता कुणी ठेवत नाही ना."

लुआबाईचे दात काळे होते, सीताफळाच्या बीसारखे चकचकीत. लग्नाआधी दातांना लाख लावून ते काळे करताना तोंड सुजवून घेतलं होतं तिने. पांढरे दात कुत्र्याचे, असं तेव्हा म्हणत. तिच्या नवऱ्याने, दिएनने, या दातांवर भाळून होकार दिला होता आणि ती गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचा. लुआबाईने ओठ मिटले. लेकाच्या दारात आलोय तर त्याच्या तऱ्हेने वागू, असा विचार तिने केला.

दिएन नावाडी होता. खिएम रांगता असताना तापाने गेला, पुरती पस्तिशीही न गाठता. जिवंतपणी त्याचा फोटो कुणी काढला नाही, काढायला होतं कोण? गावच्या घरी पितरांच्या चौरंगावर उदबत्तीचं भांडं होतं आणि लाल कागदावर त्याचं नाव. एवढ्यावर तो दरवर्षी न चुकता जेवायला येत असे, असं लुआबाई मानायची. यंदा खिएमने हट्ट धरला होता की श्राद्ध शहरात होणार, बाबांना आता साजेशी जागा आहे.

वरच्या खोलीत पाहुण्यांची दाटी होती. चौरंग कसला, सोनेरी नक्षीचं भलंथोरलं मखरच होतं ते. पुढे उकडलेली आख्खी कोंबडी, लाल चिकट भात, परदेशी दारूची बाटली. आणि या सगळ्याच्या वर, धुराच्या पलीकडे, जाड चौकटीत एका पुरुषाचं चित्र. कोट, टाय, मागे वळवलेले पांढरे केस.

"या, आजी, या," टाइल्सचे मोठे व्यापारी व्हिन्हसाहेब म्हणाले. "काय रुबाब होता हो तुमच्या यजमानांचा! खिएमराव हुबेहूब वडिलांवर गेलेत."

खिएमने लाजल्यासारखं केलं, पण छाती फुगलेली लपली नाही. त्याने उदबत्त्या पेटवून आईच्या हातात दिल्या. "पहिला मान तुझा, आई."

लुआबाईने उदबत्त्या कपाळाला लावल्या आणि वाकण्याआधी एकदा नीट वर पाहिलं.

चित्रातल्या माणसाच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता.

दिएनच्या तोंडावर तीळ नव्हता. तो तीळ तिच्या वडिलांचा, आणि त्यांच्याकडून या पोराला आलेला. ते कपाळ, ते जाड ओठ... लहानपणी नदीवर घासून घासून धुतलेलं ते तोंड तिने अंधारातही ओळखलं असतं. केस पांढरे केले होते, सुरकुत्या ओढल्या होत्या, पण मखरात बसला होता तो तिचा पोटचा पोर. आणि ती, त्याची आई, त्याच्यापुढे उदबत्ती घेऊन उभी होती.

"हे कोण आहे?" तिने विचारलं.

"बाबा!" खिएम हसला. "फोटो नव्हता ना, म्हणून चित्रकार म्हणाला, सगळ्यात जवळचं तोंड आणा. मी बसलो समोर. माझाच कोट, माझाच टाय. वय तेवढं त्याने वाढवलं. जमलंय ना?"

"कधीपासून आहे इथे?"

"नव्या वर्षापासून. दर अमावस्या-पौर्णिमेला उदबत्ती लावतो की, चुकवत नाही."

नव्या वर्षापासून. पोट धरून बसतायत, असं सून म्हणाली होती तेही नव्या वर्षापासूनच. जित्याजागत्या माणसाला पितरांत बसवून महिनोन् महिने धूप दाखवला या मूर्खांनी! आपल्यात चिमुरडं पोरसुद्धा चौरंगावर जिवंत माणसाचा फोटो ठेवत नाही, चुकून ठेवलाच तर थोबाडीत खातं. आणि या शहाण्याने घरभर पाहुणे बोलावून ते केलं, वर विचारतो, जमलंय ना.

"आई, वाक ना," खिएम कानाशी पुटपुटला. "लोक बघतायत."

"आई पोरापुढे वाकत नाही," लुआबाई म्हणाली, आणि तोंड मिटायचं विसरली. "आई पोरापुढे उदबत्ती कधी लावते रे? सांग ना. कधी लावते?"

नोआनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. व्हिन्हसाहेबांनी एकदा चित्राकडे, एकदा खिएमकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

लुआबाईने स्टूल ओढलं. कुणी धरायच्या आत ती वर चढली. भांड्यात आधीच रोवलेल्या जळत्या उदबत्त्याही तिने हातातल्यांबरोबर मुठीत धरून उपटल्या. बोटं भाजली तरी सोडल्या नाहीत, राखेत उलट्या खुपसल्या. मग चित्र काढलं आणि छातीशी धरून खाली उतरली.

"वेडी झालीस का?" खिएम ओरडला. "या लोकांसमोर? चार माणसांत नाक कापलंस माझं!"

"नाक कापलं तरी माणूस जगतो, बाळा."

त्याचा हात नकळत पोटावर गेला, आणि ते तिने पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

लुआबाईने मखरातल्या रिकाम्या जागेपुढे नव्या उदबत्त्या लावल्या. "अहो," ती म्हणाली, "तुमचं घर आता इथे आहे. तीन जिने आहेत, दमाने या. पोराने गाढवपणा केलाय, त्याच्यावर राग धरू नका. त्याला एवढ्यात बोलावून घेऊ नका." आवाज फाटला तसा तिने पदर नसलेल्या त्या मखमली झग्याच्या बाहीने डोळे पुसले.

पाहुणे जेवले, पण भराभर आणि मान खाली घालून. कोंबडीच्या मांडीला कुणी हात लावला नाही. फोटो काढायचं तर नावच नाही.

सगळे गेल्यावर खिएम चित्रापाशी आला. "आण इकडे. फाडून टाकतो."

"हात लावू नकोस! तुझं तोंड आहे ते."

"मग जाळू या."

"जाळलेलं सगळं पितरांकडे जातं," लुआबाई म्हणाली. कागदी कपडे, कागदी पैसे, सगळं तसंच तर धाडतात आपले लोक. खिएमने आगकाडी खिशात परत घातली. टांगायची सोय नाही, फेकायची नाही, कुणाला द्यायची तर मुळीच नाही. एवढं महागडं चित्र, आणि जगात त्याला जागा नव्हती.

"मी नेते," ती म्हणाली. "मी आहे तोवर सांभाळीन. तू उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. कोट न घालता जा, त्याला तुझी हाडं दिसू देत."

खिएमने मान हलवली. एवढं मुकाट्याने आईचं ऐकताना नोआनने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

गावाच्या बसमध्ये लुआबाईला खिडकीची जागा मिळाली. चौकट तिने मांडीवर आडवी धरली, वरून जुन्या रुमालाने झाकली. वळणावर बस हिंदकळली, रुमाल घसरला, आणि कोट-टायमधला पांढऱ्या केसांचा खिएम उघडा पडला.

शेजारच्या प्रवाशाने ते पाहिलं. मांडीवर चौकट घेऊन चाललेली म्हातारी म्हटल्यावर आणखी काय समजणार? त्याने टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि चित्रापुढे मान झुकवली.

लुआबाईने त्याचे हात खाडकन खाली ओढले.

"नमस्कार करू नका हो," ती म्हणाली. "जिवंत आहे तो. अजून जिवंत आहे."