खिळ्यावरचा झेंडा

"अजून एक खिळा? भिंतीला काय कातडी कोट टांगायचाय रे?" कालिपानं विचारलं आणि शिवायला बसलेल्या बाकीच्या सातही जणी खिदळल्या.

शिवणघराचा नवा कारभारी एर्मेक हसला नाही. दोन खिळे तोंडात धरलेला माणूस हसणार तरी कसा? त्यानं उरलेले खिळे ठोकले आणि बाजूला झाला. भिंतीवर काळा फळा, फळ्यावर आठ नावं, प्रत्येक नावापुढे एकेक खिळा.

"एजे," तो म्हणाला. गावात मोठ्या बहिणीला एजे म्हणतात, आणि या सगळ्या त्याच्याहून मोठ्याच होत्या. "ध्येय डोळ्यांसमोर असलं की हात आपोआप चालतात. आठवड्याला बारा मीटर शिवण. शनिवारी मी मोजणार. जी सगळ्यांत पुढे, तिच्या खिळ्यावर हा झेंडा." त्यानं खिशातून लाल नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, तळहाताएवढा तुकडा काढला. "आणि जी सलग तीन आठवडे मागे राहील, तिनं अंगणात लोकर धुवायला जायचं."

"माझं नाव कुठंय? वाच गं," कालिपा उल्कानच्या कानाशी म्हणाली. बाकीच्यांना वाटलं, थट्टा चाललीय. उल्कानला मात्र ठाऊक होतं. दोन वर्षांपासून कालिपाला सुईचं नाकही नीट दिसत नव्हतं.

त्यांचं काम मोठं चमत्कारिक. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे आणि एकाच सुरीनं नक्षी कापायची. लालातली वेल निळ्यात बसवायची, निळ्यातली लालात. एका कापणीत दोन गालिचे होतात. त्यांना सगळ्या जणी बहिणी म्हणत. एक बहीण एकीनं शिवायची, दुसरी समोर बसलेलीनं, गुडघ्याला गुडघा लावून. आणि दोन्ही एकाच दिवशी पुऱ्या व्हायला हव्यात, ही आधीच्या कारभारीण सोनुनबू आपांची शिस्त. आपा होत्या तोवर त्यांनी कधी काही मोजलं नाही. शरद ऋतू आला की दारात उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "पोरींनो, बर्फाच्या आत." आणि व्हायचंही! कालिपा चहा आणायला उठली की उल्कान तिच्या निळ्यावरची अवघड वळणं भराभर घालून टाकायची. दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

आता प्रत्येक तुकड्यावर नावाची चिठ्ठी होती.

पहिल्या शनिवारी उल्कानची शिवण सोळा मीटर भरली. एर्मेकनं झेंडा तिच्या खिळ्यावर अडकवला आणि चौपन्न वर्षांच्या त्या बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार लेकरं वाढवली, सासूचं केलं, तीस वर्षं सुई चालवली, पण तिच्या नावापुढे कुणी काही लावलं नव्हतं. घरी जाताना ती पुलावर थांबून स्वतःशीच हसली. नवऱ्यानं जेवताना टोमणा मारला, "म्हातारे, घोड्यांच्या शर्यतीत उतरलीस की काय?" ती म्हणाली, "उतरले! आणि पहिली आले!"

कालिपाची नऊ मीटर भरली होती. उल्काननं मनाशी ठरवलं, सोमवारपासून तिची वळणं घालायची.

सोमवारी तिनं ठरवलं, मंगळवारपासून.

असं का होतंय, ते तिचं तिलाच कळेना. ती काही दुष्ट बाई नव्हती. पण सुई हातात आली की डोळ्यांसमोर आकडा उभा राही, आणि मान वर करायची म्हणजे वीतभर शिवण गेलीच. समोर कालिपा दोरा चाचपडायची, बोटाला सुई टोचली की हळूच "आई गं" म्हणायची. उल्कानला ऐकू यायचं. ती आणखी भराभर शिवायची. दुसऱ्या शनिवारी तिची अठरा झाली, कालिपाची आठ.

तिसऱ्या शनिवारी दुपारी कालिपानं पहिल्यांदाच तोंड उघडून मदत मागितली. "एवढी तीन वळणं घाल ना गं. आज मला धागा आणि नमदा वेगळा दिसेना."

"हो, एवढी ओळ संपवते," उल्कान म्हणाली.

ओळ संपली. तिनं दुसरी धरली. तेवढ्यात एर्मेक मोजपट्टी घेऊन आला.

उल्कान वीस. कालिपा आठ.

"एजे, बाहेर मोकळी हवा मिळेल," एर्मेक खाली बघत म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं. कालिपानं बोटातला अंगुस्ताना काढला, रुमालात बांधला आणि ती उठली. उल्कानकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसणार होतं म्हणा.

उल्काननं एर्मेकला ओसरीवर गाठलं. "तिला दिसत नाही रे बाळा."

"मग मला कुणी सांगितलं? तुम्ही का नाही सांगितलंत?"

एर्मेकनं टोपी काढून डोकं खाजवलं. "सोनुनबू आपांच्या वेळी किती मीटर व्हायची?"

"कोण मोजत होतं?"

"मग आता जास्त होतंय की कमी, कसं कळणार?" तो रडकुंडीला आला होता. "लाल बहिणी पुऱ्या होऊन पडल्यात आणि निळ्या अर्ध्यावर. एकेकट्या घेणार कोण? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्हाला झेंडा आवडत नाही का?"

"आवडतो रे," उल्कान म्हणाली. "तेच तर कळत नाही मला."

सोमवारी तिनं कालिपाची निळी बहीण मांडीवर घेतली. खिडकीतून अंगण दिसत होतं. कालिपा पाटाच्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून लोकर चोळत होती. हात लालबुंद झाले होते. उल्काननं आठवडाभर मान वर केली नाही, आपल्या तुकड्याला हात लावला नाही. शनिवारी एर्मेकनं चिठ्ठी बघून मोजलं. कालिपा एकवीस. उल्कान शून्य. नियम तो नियम. त्यानं झेंडा कालिपाच्या खिळ्यावर नेला आणि तुर्सुनायनं अंगणात हाक मारली, "कालिपा, ये गं, पहिली आलीस!" शिवायचा कंटाळा असलेल्या तुर्सुनायला दुसऱ्यांच्या बातम्यांचा भारी उत्साह.

कालिपा ओल्या हातांनी आत आली. फळ्यावर बोटं फिरवत तिनं झेंडा शोधला. "हा माझ्या नावाला?"

"तुझ्याच," उल्कान म्हणाली. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपली नजर आधी स्वतःच्या रिकाम्या खिळ्यावर गेली होती आणि तिथं काहीतरी दुखलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"लोकर धुवायला डोळे लागत नाहीत गं," कालिपा शांतपणे म्हणाली. "मी तिथं बरी आहे. मला झेंडा नको होता. तीन आठवड्यांत तू एकदा मान वर करावीस, एवढंच हवं होतं."

कालिपानं झेंडा खिळ्यावरून काढला. "तुझं नाव माझ्या खाली ना?" उत्तराची वाट न बघता तिनं बोटं फळ्यावरून खाली सरकवली, उल्कानचा खिळा चुकला, त्याखालचा लागला, आणि तिनं झेंडा त्यावर अडकवला. तो खिळा तुर्सुनायच्या नावाचा होता.

एर्मेकचा हात पुढे झाला आणि मागे गेला.

"बरोबर लागला का?" कालिपानं विचारलं.

"बरोबर लागलाय," उल्कान म्हणाली.

कालिपानं हात झग्याला पुसले आणि ती पुन्हा अंगणात लोकरीकडे गेली.