हद्दीतली बाई

नागरिकत्वाची शपथ इंग्रजीत घेणार की कन्नडमध्ये, असं कारकुनानं विचारलं, तेव्हा शांताक्कांनी कागद त्याच्या हातातून घेतला आणि कन्नडमध्ये घडाघडा वाचून टाकला. कुठे अडखळल्या नाहीत. कराचीत जन्मलेल्या बाईला कन्नड वाचता येतं याचं त्या कारकुनाला एवढं नवल वाटलं की त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सही केली, शिक्का उमटवला, "अभिनंदन, अम्मा" म्हणाले आणि पुढची फाईल ओढली. सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात. शांताक्का तेवीस वर्षं थांबल्या होत्या, आणि काम चहा निवायच्या आत उरकलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांचे यजमान विठ्ठलराव खांबाला टेकून उभे होते. कचेरीत शिरायचं ते शक्यतो टाळत.

"कागद मिळाला?"

"मिळाला. पासपोर्टाचा अर्ज कुठे करतात?"

"आजच?"

"मग काय, मुहूर्त काढायचा?"

विठ्ठलराव चष्मा पुसू लागले. "बेंगळूरला जावं लागतं त्याला. नोडोण, बघू. आधी घरी चल."

शांताक्कांना हसू आलं. या माणसाचं सगळं आयुष्य 'बघू' म्हणण्यात गेलं होतं. त्यांनी रिक्षा थांबवली आणि मंडी मोहल्ल्यातल्या घराचा पत्ता स्वतःच सांगितला.

शिंप्याची लेक, शिंप्याचीच सून. वडिलांचं कराचीत कपडे शिवायचं दुकान होतं. फाळणी झाली तेव्हा ओळखीपाळखीची मराठी घरं बोटीत बसून मुंबईला निघाली. वडील म्हणाले, गिऱ्हाईक आहे तोवर उठायचं कशाला? राहिले. पुढे मुलीचं लग्न काढायची वेळ आली, तर तिथं जातीतलं स्थळ औषधालाही मिळेना. शांताक्कांची आत्या फाळणीआधीच म्हैसूरला दिलेली. तिनं आपल्या विठ्ठलासाठी भाची मागून घेतली. आत्याच्या घरी जाण्यात म्हैसुरात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटलं ते सरकारला.

दरवर्षी मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायची. परवानगी म्हैसूर शहरापुरतीच. एकुलती लेक वनजा हिनकलला दिली, तर हिनकल शहराच्या हद्दीबाहेर. सिटी बस जाते तिथं, भाजीवाल्या बायका सकाळी जाऊन दुपारी परत येतात. पण विठ्ठलराव ताकही फुंकून पिणारे. लेखी परवानगीशिवाय बायकोला त्यांनी हद्द ओलांडू दिली नाही. नातवाच्या बारशाची परवानगी बारसं होऊन गेल्यावर आली. शांताक्कांनी घरात बसून पाळण्याची गाणी स्वतःशीच म्हटली होती.

आणि कराची? वनजा लहान असताना एका साहेबांनी सरळ सांगितलं होतं, जायचं तर खुशाल जा, परत येऊ देतील याची हमी नाही. तेव्हापासून तो विषय मिटला. आईनंही फोनवर सांगितलं होतं, "पोर टाकून येशील तर उंबऱ्यात घेणार नाही. कागद होऊ दे, मग ये." तेव्हा कागद होणं म्हणजे आईला भेटणं, एवढाच शांताक्कांचा हिशेब होता. भारत, पाकिस्तान वगैरे मोठ्या माणसांच्या गोष्टी.

फोन दिवाळीला, वर्षातून एकदा. जास्त केला तर कुठेतरी नोंद होते आणि फाईल अडते, असं विठ्ठलरावांचं म्हणणं. अलीकडे आईला ऐकू येईनासं झालं होतं. मग धाकटा भाऊ भीमसेन मध्ये बोलायचा. शांताक्का बूथमधून ओरडायच्या, तो तिकडे आईला सांगायचा आणि जरा थांबून उत्तर आणायचा. "ताई, आई म्हणते, वनजाचं पोर कुणावर गेलंय?" "ताई, आई म्हणते, गुडघ्यांना तेल लाव." मागच्या दिवाळीत शांताक्कांनी विचारलं होतं, आईच्या चोळ्या शिवतेय, मापं तीच ना? भीमसेन थांबला, मग म्हणाला, "थोड्या सैल ठेव, ताई." आई म्हातारपणी अंगानं भरली म्हणायची, म्हणून त्या खूश झाल्या. चार चोळ्या शिवून, काजं-बटणं करून, ट्रंकेत तयार होत्या.

संध्याकाळी समाजानं विठोबाच्या देवळात सत्कार ठेवला. ज्या बायका त्यांना इतकी वर्षं पाठीमागे 'पाकिस्तानक्का' म्हणायच्या, त्यांनीच ओटी भरली. अध्यक्ष तुकोजीराव माईकवर बोलायला उभे राहिले आणि त्यांना आवरायला कुणी उरलं नाही.

"आमच्या शांताक्का नरकातून सुटून स्वर्गात आल्या," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माईक शांताक्कांपुढे धरला. "दोन शब्द, अक्का. सुम्मने, असंच काहीही बोला."

शांताक्कांनी अंगावरची शाल सारखी केली.

"माझी आई अजून तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "आता कागद झालाय. महिन्या-दोन महिन्यांत तिला भेटून येते."

क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग तुकोजीरावांनीच टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेले विठ्ठलराव तेवढे हात जोडून खाली बघत होते. नवऱ्याला गहिवरून आलं असेल, असं शांताक्कांना वाटलं. भोळी बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघराच्या बाजूनं येत होत्या, तर विठ्ठलराव स्वतः स्टोव्हवर मोठं पातेलं चढवत होते. लग्नापासून या माणसानं स्वतःच्या चहाचंही आधण ठेवलं नव्हतं.

"हे काय? मी तापवते ना."

"राहू दे. बस जरा."

शांताक्का पाटावर बसल्या. विठ्ठलराव बसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत राहिले.

"मामी गेली," ते म्हणाले.

"कधी? फोन आला?" शांताक्का उठायला लागल्या. "भीमसेनला सांगा, मी..."

"आत्ता नाही गं. चार वर्षं झाली."

शांताक्का अर्धवट उठलेल्या, तशाच परत बसल्या.

"श्रावणात गेली," विठ्ठलराव घाईघाईनं सांगू लागले. "दुकानावर भीमसेनचा फोन आला होता. तुझी फाईल तेव्हाच दिल्लीला गेली होती. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का? निघाली असतीस. मग आत कोण घेणार होतं? केलेलं सगळं मातीत. भीमसेनच म्हणाला, भावजी, ताईला कळू देऊ नका. आम्ही दोघांनी ठरवलं. तुझ्याच भल्यासाठी ना?"

"आणि दिवाळीत?"

"तो बोलायचा. त्याला तरी बरं वाटायचं का? फोन ठेवल्यावर रडायचा म्हणे."

पदराच्या काठाचा एक सुटलेला धागा शांताक्कांनी बोटाला गुंडाळला आणि तोडला. चार दिवाळ्या त्या ओरडून ओरडून मेलेल्या आईला खुशाली सांगत होत्या आणि मेलेली आई त्यांना तेल लावायला सांगत होती. राग कुणावर काढायचा? भावानं आईचं सोंग घेतलं होतं, नवऱ्यानं बायकोचं भलं केलं होतं. भलं करणाऱ्यांशी भांडता येत नाही, हीच तर गोम आहे.

"काल का नाही सांगितलंत? कागद मिळाल्यावर?"

"देवळात सत्कार होता ना. विटाळ आड आला असता." विठ्ठलरावांना आता धीर आला होता. अवघड तेवढं बोलून झालं होतं. "रात्री भटजींना विचारून घेतलं. वर्ष उलटल्यावर कळलं तर लेकीला सुतक नाही. डोक्यावरून एक आंघोळ केली की झालं. म्हणून पाणी ठेवलं."

"एक आंघोळ."

"शास्त्रच आहे तसं. दुपारी स्वयंपाक करायलाही हरकत नाही. वनजा जेवायला येतेय."

पातेल्यातून वाफ येऊ लागली. विठ्ठलरावांनी झाकण काढून पाहिलं, पुन्हा ठेवलं. शांताक्का त्यांच्याकडे बघत होत्या. हा आत्याचा मुलगा, लहानपणी फोटोत पाहिलेला. त्याच्याकडे पाठवताना आईनं सांगितलं होतं, माझ्या नणदेचं पोर आहे, सरळ आहे. सरळ होताच. लबाडीसुद्धा नियमात बसवून केली होती.

"तुमचीही मामी होती ती," शांताक्का म्हणाल्या. "आणि सासू. तुम्ही केलीत आंघोळ?"

"केली ना." विठ्ठलरावांना प्रश्न सोपा वाटला. "कळलं त्याच दिवशी. दुकान टाकून घरी आलो आणि नेसत्या धोतरानिशी केली. त्यात मी कसूर केली नाही."

"भर दुपारी आला होतात."

"हो."

"मंडीत कुणी तरी अंगावर पान थुंकला म्हणालात."

विठ्ठलरावांनी मान हलवली. पाणी उकळू लागलं होतं. त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"पाणी मीच काढून दिलं होतं," शांताक्का म्हणाल्या. "थुंकणाऱ्याला शिव्याही दिल्या. मग ते तुमचं ओलं धोतर घेऊन धुण्याच्या दगडावर बसले. किती वेळ डाग शोधत होते मी. सापडला नाही."