वन्संचं बिऱ्हाड

सासूबाई जाते म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी कवळीवाल्याने दोन खेकडे विकत आणले. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. त्याला स्वतःलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पण माणसाची जातच तशी. जे बोलायचं ते सोडून बाकी सगळे उद्योग करून बसते.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि हा आपल्या एका खोलीच्या कारखान्यात प्लास्टरचा साचा पुढ्यात घेऊन, मेण लावून, गुलाबी हिरड्या घोटून कवळी तयार करी. हात असा, की याची कवळी बसवलेला म्हातारा घरी जाऊन आधी शेंगदाणे मागायचा. चाळिशी उलटली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या आजारपणात तिची आई शुश्रूषेला म्हणून आली. मुलगी गेली, तरी 'थोडे दिवस राहते' म्हणता म्हणता आई राहिलीच.

जावई आणि सासू एका घरात राहतात म्हटल्यावर शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांड्याला भांडं लागत असणार. लागलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला निदान तोंड तरी उघडावं लागतं. ही दोघं एकमेकांना इतकी जपत, की दिवसभरात 'मीठ इकडे करा' याच्यापलीकडे बोलणं जात नसे. सासूबाई बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपत, कवळीवाला मागच्या अरुंद खोलीत, आणि मधली मोठी खोली, जिथे त्याची बायको गेली, ती कुलूपबंद.

तर सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "महिनाअखेरीला धाकट्या बहिणीकडे जाईन म्हणते. इथे तरी माझं काय काम आहे?"

कवळीवाला म्हणाला, "बरं."

शब्द तोंडातून गेला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं. त्या धाकट्या मावशींचं घर त्याला ठाऊक होतं. दोन सुना, चार नातवंडं, पाय ठेवायला जागा नाही. तिथे सासूबाई पाहुणीच्या पाहुणी राहणार. जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणायचं कुठल्या तोंडाने? जिच्यामुळे नातं होतं तीच राहिली नव्हती.

कारखान्याच्या वाटेवर माशांचं दुकान होतं. तिथे एका प्लास्टिकच्या डब्यात शंखातले खेकडे फिरत होते. दुकानवाली म्हणाली, "घ्या हो, काही करावं लागत नाही यांचं. पाणी ठेवायचं, चिमूटभर खाणं टाकायचं." काही करावं लागत नाही असं सांगून गळ्यात मारलेली वस्तूच माणसाला जन्मभर पुरते, हे कवळीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मनात एवढंच, की घरात दोन मुके जीव असले, त्यांचं खाणंपिणं बघायला कुणीतरी लागलं, तर कदाचित कुणीतरी थांबेल.

सासूबाईंनी डबा पाहिला. एका शंखावर फुटबॉलचे काळे-पांढरे ठिपके रंगवलेले, दुसऱ्यावर लाल रंगात हसरा चेहरा. "हे काय?"

"खेकडे आहेत."

"ते दिसतंय. रश्श्यात घालायचे?"

"पाळायचे."

सासूबाईंनी एकदा डब्याकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं. "पदरी पडलं आणि पवित्र झालं," म्हणाल्या आणि चष्मा आणायला गेल्या.

नावं त्यांनीच ठेवली. मोठी खेकडी आल्या आल्या सगळा डबा पालथा घालून आली, वाटी उलटी केली, दुसऱ्याला ढकलून कोपऱ्यात बसवलं. ती वन्सं. "आमच्या थोरल्या वन्सं थेट अशाच होत्या," सासूबाई म्हणाल्या. दुसरा खेकडा, कुणी बघत असलं की शंखात जाऊन बसे आणि खोलीत कुणी नसलं तरच खाई, म्हणून तो पाहुणे. "तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा असेच बसला होतात." कवळीवाला हसला. त्या घरात कुणीतरी हसलेलं भिंतींनासुद्धा नवीन होतं.

पण प्रेमाने सगळं जमतं, हे थोतांड आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासूबाईंना वाटलं, गारठली असतील बिचारी. त्यांनी डबा खिडकीत उन्हाला ठेवला. कवळीवाला घरी आला तेव्हा दोघंही शंखाबाहेर अर्धवट लोंबत होती, पाय ढिले पडलेले. त्याने फोनवर भराभरा वाचलं, डबा सावलीत घेतला, वाळूवर पाणी शिंपडलं, वर ओला फडका टाकला. ही माणसासारखी नाकाने श्वास घेणारी मंडळी नव्हेत, यांना माशासारखे कल्ले असतात आणि हवा ओलसर नसली तर ते गुदमरतात, हे त्याला तेव्हा कळलं. सासू-जावई डब्यापाशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने वन्संची एक मिशी हलली.

"माझ्या हाताला यश नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "पोरीचंही सगळं केलं. औषधं वेळच्या वेळी दिली. काय उपयोग झाला?"

कवळीवाल्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो फडका पुन्हा ओला करून आणायला उठला. असा माणूस.

मग मात्र दोघं हात धुऊन खेकड्यांच्या मागे लागली. डबा गेला, काचेची पेटी आली, वर काचेचं झाकण. तळाशी वीतभर ओली वाळू, कारण कात टाकायची वेळ आली की खेकडे वाळूत खोल पुरून घेतात आणि तेव्हा त्यांना उकरायचं नसतं. पाण्याच्या दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या पाण्याची. नळाच्या पाण्यातलं औषध त्यांना सोसत नाही, तर ते मारायला दुकानातले थेंब. मीठही जेवणातलं चालत नाही, मत्स्यालयाचं वेगळं. "नवऱ्याचे एवढे नखरे असते तर मी सोडून गेले असते," सासूबाई म्हणायच्या आणि उकडलेल्या अंड्याचा बलक करंगळीच्या नखाएवढा मोडून पेटीत ठेवायच्या. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आता सकाळ-संध्याकाळ वाळूवर चाले. जेवताना बोलायला विषय झाला. वन्सं आज चढली का, पाहुणे जेवले का. कवळीवाला लवकर घरी येऊ लागला.

आणि तरीही एक दिवस कॉटखालून बॅग बाहेर आली. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. कवळीवाल्याने ते पाहिलं आणि पाणी प्यायला गेला.

त्याच आठवड्यात वन्संनी पाहुण्यांच्या शंखाला हात घातला. एका नांगीने त्यांना धरून दुसरीने शंखावर ठकाठक ठोकायला लागली. कवळीवाल्याने निरखून पाहिलं. वन्संचा शंख तिला पुरत नव्हता, आत गेली तरी मोठी नांगी बाहेरच राहायची. शिवाय रंगाचे पापुद्रे सुटायला लागले होते. दुकानवालीला विचारलं, तर म्हणाली, "घर लहान झालंय तिचं. दुसरा मोठा शंख ठेवा, नाहीतर ती त्याला बाहेर ओढून काढील. शंखाबाहेर पडलेला फार टिकत नाही हो." तिच्याकडे रंगवलेलेच होते. बिनरंगाचे यायला वेळ होता.

कवळीवाला म्हणाला, मी कशाला बसलोय?

अहो, कुणाच्याही तोंडात बसेल अशी वस्तू करणारा माणूस, त्याला एका खेकडीचं घर काय जड? त्याने वन्सं चालत असताना तिचं माप घेतलं. दुकानातल्या एका रिकाम्या शंखात तोंडाचं माप घ्यायचा मसाला ओतून आतल्या वळणाचा साचा काढला, तो वन्संच्या मापाने वाढवला, हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यात शंख ओतला आणि आतून असा घोटला, की जिभेलाही कुठे टोचणार नाही. आयुष्यात इतकं मन लावून त्याने एकच कवळी केली होती, ती स्वतःच्या वडिलांची. चांगला धुऊन, वाळवून, रविवारी दुपारी त्याने तो पेटीत ठेवला. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या.

वन्सं आली. मिश्यांनी चाचपलं, नांगी आत घालून फिरवली, शंख उलटा केला, सुलटा केला, पुन्हा नांगी आत घातली. आणि पाठ फिरवून निघून गेली. दोनदा आली, दोनदा गेली. मग सरळ जाऊन पाहुण्यांना धरलं.

"माप चोख आहे," कवळीवाला म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "केसाचा फरक नाही."

सासूबाईंनी तो गुलाबी शंख उचलून आत बोट घातलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, ही कवळी केलीत तुम्ही."

"म्हणजे?"

"कवळी घट्टच लागते. हिच्या घरात हिला हलता नको यायला? वाढायला नको? वाढत्या अंगाच्या पोराचे कपडे कुणी मापात शिवतं का? चार बोटं जास्तीच धरतात." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुमचं माप बरोबर आलं, तिथेच चुकलं."

दुकानात बिनरंगाचे शंख आल्याचा निरोप आला तो त्यानंतर. सासूबाई स्वतः जाऊन मुठीएवढाले, गोल तोंडाचे निवडून घेऊन आल्या. उकळून, गार करून पेटीत मांडले. पुन्हा दोघं समोर बसली. वन्संनी एकाची तपासणी केली, दुसऱ्याची केली, पहिल्याकडे परत आली. शंखाच्या तोंडाला तोंड लावून थांबली. आणि एकदम बाहेर पडली. मागचं अंग उघडं, मऊ, फिकट, वाकलेलं. एवढी दांडगी बाई, आणि तिच्याकडे हे असं अंग होतं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती नव्या घरात होती. थोड्या वेळाने पाहुण्यांनीही, इकडेतिकडे बघून, एक मध्यम शंख गाठला.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "दोघं मार्गी लागली. आता मी जायला मोकळी."

बरं, हा शब्द कवळीवाल्याच्या जिभेवर आला होता. त्याने तो गिळला. "आई, मी हे खेकडे तुमच्यासाठी आणले."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतात. राहा म्हणायला काय झालं होतं?"

"कुठल्या नात्याने म्हणायचं?" तो म्हणाला. "माझी आई मला आठवतसुद्धा नाही. तुम्ही रोज दारात येऊन विचारता ना, डबा घेतला का? तेवढं ऐकायला म्हणून मी डबा मुद्दाम टेबलावर ठेवून निघतो. रोज. मला तुम्ही हव्या आहात इथे. जाऊ नका."

सासूबाई म्हणाल्या, "मग मला जागा द्या."

"सगळं घर तुमचंच आहे, आई."

"सगळं घर नको. ती खोली द्या."

कवळीवाल्याने मधल्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं.

"माझी मुलगी त्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कुलूप घालून किल्ली खिशात टाकलीत," सासूबाई म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या, त्यानेच जास्त लागलं. "मी काही बोलले नाही. म्हटलं, याचं दुःख मोठं. पण मी तिची आई आहे हो. मला तिच्या अंथरुणावर बसून एकदा रडायचं होतं. दीड वर्ष मी बाहेरच्या कॉटवर तोंड दाबून रडले. या घरात तुमच्या दुःखाला खोली होती, माझ्या दुःखाला कॉटसुद्धा पुरत नव्हती. म्हणून निघाले होते."

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण सासूबाईंना त्रास नको म्हणून खोली बंद ठेवली, असं तो स्वतःला सांगत आला होता. धादांत खोटं होतं ते. त्याने किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, जोर लावावा लागला.

आत कोंदट वास होता. सासूबाईंनी आधी खिडकी उघडली, मग पलंगावरची धूळ हाताने झटकली. "कुठल्या बाजूला झोपायची ती?"

"खिडकीकडे."

त्या खिडकीकडे बसल्या. तो दुसऱ्या बाजूला, आपल्या जुन्या जागी बसला. सासूबाईंनी उशी मांडीवर घेतली, आणि इतके दिवस विचारायचं राहिलेलं शेवटी विचारलं.

"शेवटी काही म्हणाली का हो? मी नेमकी गरम पाणी आणायला गेले होते."

"तुम्हालाच विचारत होती," कवळीवाला म्हणाला. "आई कुठे आहे, म्हणाली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"इथेच आहे, म्हटलं. कुठे जात नाही."

सासूबाई उशी धरून रडल्या, आणि समोर बसून तोही रडला. उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा त्यांनी तोंड पुसलं.

"बरोबर सांगितलंत," त्या म्हणाल्या.