नावं सांभाळणारी फाईल

मी कर्नेलच्या डिबग सिम्बॉल्सची, म्हणजे चूक शोधताना लागणाऱ्या नावांची, फाईल बोलतेय. नाव ऐकून बिचकू नका. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे तो ठरवतो. त्याला सगळे पत्ते आकड्यांत कळतात. त्या पत्त्यांवर जी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे, राहतात, त्यांची माणसांना वाचता येतील अशी नावं माझ्यापाशी असतात.

माझा जन्म स्वेटर विणायच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना मावशीचा, विणयंत्राचं सॉफ्टवेअर भाचीचं. कर्नेल आणि मी एकाच फाईलमध्ये जन्मलो; माझी वेगळी फाईल पुढे झाली. खरं सांगायचं तर मी त्याच्याहून कितीतरी पट जाडजूड!

यंत्र रडतखडत चालायचं आणि मावशीचा डोळा माझ्यावर. एवढं ओझं पोटात घेऊन कोण पळेल, असं तिचं म्हणणं. यंत्र परत करायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. भाचीने वाद घातला नाही. एकाच स्वेटरची एक बाही तिने माझ्यासकट विणली, दुसरी मला काढून. दोन्हींना वेळ सारखाच लागला. यंत्र सुरू होताना मला मेमरीत घेतच नाही, मी नुसती डिस्कवर लोळत असते, हे तेव्हा मावशीला पटलं.

"पण जागा तर अडवतेच ना?" ती म्हणाली.

ते मात्र खरं होतं. यंत्राची डिस्क इवलीशी. माझ्यामुळे नव्या नमुन्यांना जागा उरेना. भाचीने मला वेगळं काढून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवलं. मला वाटलं, संपलं आपलं.

यंत्राचा संथपणा काही गेला नाही. एका दुपारी तर स्वेटर गळ्यापर्यंत आला आणि यंत्र ठप्प. पडद्यावर नुसते आकडे. भाचीने ते माझ्यापुढे ठेवले. मी नाव सांगितलं, प्रोग्रॅममधली ओळही सांगितली: धाग्याचा ताण मोजणारं फंक्शन सेन्सरच्या उत्तराची वाट बघत ताटकळलं होतं आणि बाकी सगळ्यांना खोळंबून ठेवत होतं. भाचीने ती ओळ सुधारली. यंत्र असं सुसाट सुटलं की मावशी हातातला चहा विसरून बघत उभी राहिली.

"राहू दे गं तिला," ती भाचीला म्हणाली, "घेऊ दे हवी तेवढी जागा."

आता मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ऐसपैस राहते. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर माझी नवी बहीण येते, कारण नव्याचे पत्ते जुनीला ठाऊक नसतात. तुम्हीही कर्नेल बनवाल तेव्हा आम्हाला पुसून टाकू नका. कुठेतरी बाजूला ठेवा. शेजारच्या खोलीत विणकाम चाललंय, मावशी गुणगुणतेय. आज मला कुणी हाक मारलेली नाही, म्हणजे काही अडलेलं नाही, आणि मी फार खुशीत आहे.