आवाजामागचा आवाज

"एक आवाज सापडला म्हणून लगेच पाना खाली ठेवू नकोस. चोर जोडीनं फिरतात."

मामंजी हे आपल्या लेकाला सांगायचे, पण ऐकत असायची मी. ते गेले. गॅरेज ह्यांच्याकडे आलं आणि ते वाक्य माझ्याकडे राहिलं.

त्या सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि गप्प झाले. दिवा आपणहून शांत होईपर्यंत मी बोलत नाही, लग्नाआधीपासूनचं व्रत. घरी सगळ्यांना सवय आहे. वन्सं म्हणतात, "वहिनीशी भांडायचं तर सकाळी. जिंकायची खात्री."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, नर्स. डोंगरापलीकडच्या वस्तीवर जायला त्यांच्याकडे एटीव्ही आहे: हँडल मोटरसायकलचं, चाकं चार, जाडजूड. वस्तीवरच्या एका पहिलटकरणीला त्यांनी शब्द दिला होता, "तुझ्या वेळेला मी असेन." आणि आज निरोप आला होता, कळा सुरू झाल्यात.

वन्सं आल्या त्या धडधडतच.

"दादा, बघ रे, काहीतरी खडखडतंय. पटकन बघ."

"पटकन बघायला मी काय ज्योतिषी आहे?" असं म्हणत हे गाडीखाली शिरले. इंजिनाखालच्या पत्र्याचा एक बोल्ट पडला होता आणि फटीत एक खडा अडकून नाचत होता. ह्यांनी खडा काढला, नवा बोल्ट आवळला, गाडी चालू केली. खडखड बंद.

"झालं! बाईसाहेबांच्या गाडीला मुतखडा झाला होता."

वन्सं हसल्या. मला हसू येईना. चोर जोडीनं फिरतात. मी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. वर टिकटिक, नेहमीचीच. खाली काही नाही. पण वन्सं जवळूनच आल्या होत्या, इंजिन अजून गार होतं. मी हातानं खूण केली, थांबा, तापू द्या.

"अगं, तिकडे बाई अडली आहे आणि तू गाडी तापवत बसतेस?" ह्यांनी बाकावरच्या दोन्ही बॅगा वन्संच्या हातात दिल्या. बरोबरच होतं त्यांचं. आपल्या मनाचे खेळ असतील, म्हटलं.

वन्संनी बॅगा मागे बांधल्या, जाता जाता पाणी प्यायल्या. तोवर इंजिन चालूच होतं. मग त्या बसल्या, गॅस दिला आणि फाटकाशी वळताना सोडला.

ठक. ठक, ठक.

खोल, जड आवाज. बंद दारावर कोणी आतून मूठ मारावी तसा. गॅस दिला की विरायचा, सोडला की परत. ह्यांनी पाठ फिरवली होती, ते हात पुसत होते. मी टाळ्या वाजवल्या. वन्संनी मागे न बघता हात हलवला, येते म्हणून.

घरात दिवा अजून तेवत होता.

"वन्सं, थांबा!"

माझा आवाज मलाच परका वाटला. वन्संनी गाडी जागच्या जागी बंद केली. हे माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्या वेळेला माझा शब्द कोणी ऐकला नव्हता.

"कुठून येतोय?" एवढंच ह्यांनी विचारलं. वाद नाही, थट्टा नाही.

"खालून. तापल्यावर. गॅस सोडला की."

ह्यांनी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं उन्हात धरलं. तेलात धातूचे बारीक चंदेरी कण चमकत होते.

"आतलं बेअरिंग खलास झालंय," हे म्हणाले. "उतारावर इंजिन जाम झालं असतं तर..." त्यांनी वन्संच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसा.

"दुसरी गाडी?" वन्संनी विचारलं.

"त्या वाटेवर चढणारी इथे कुणाकडे आहे?"

"पहिलटकरणीला वेळ लागतो," वन्सं डोंगराकडे बघत म्हणाल्या. "पायवाटेनं गेले तर पोचेन." आणि बॅगांच्या दोऱ्या सोडायला लागल्या. गाठ सुटेना. मी सोडवली.

बॅगा दोन होत्या. जड होती ती मी खांद्याला लावली.

"वहिनी, तुमचा दिवा?"

"मी बघतो दिव्याकडे," हे म्हणाले. "वारा लागू देत नाही."

मी चप्पल बदलली. मग परत तोंड मिटलं आणि वन्संच्या मागोमाग चढाला लागले.